चौथ्या रकान्यातलं नाव

तिने पेनाचं टोपण काढलं, कागदावर वाकली आणि टोपण पुन्हा लावून टाकलं.

"शाई संपली का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. चष्मा पुसते जरा."

चष्मा स्वच्छच होता. तरी तिने तो रुमालाने दोन्ही बाजूंनी पुसला, डोळ्यांवर चढवला आणि अर्ज पहिल्या ओळीपासून परत वाचायला घेतला. निवृत्त सैनिकांच्या कार्यालयातली ही तिसरी खिडकी. मागच्या बाकावर आणखी चौघे नंबर लावून बसले होते, आणि त्यांतला एक जण मोठ्याने जांभया देत होता.

खिडकीआडचा कारकूनही एके काळचा सैनिक. केस पिकले होते, तरी खुर्चीत बसायचा तो कवायतीला उभा असल्यासारखा ताठ. त्याने समोरच्या फायलीतून एक जुना कागद काढून नवऱ्यापुढे सरकवला.

"ओळखता का ही सही?"

सहीशेजारी अंगठ्याएवढा काळा डाग होता. ग्रीसचा.

"माझीच," नवरा ओशाळून म्हणाला. "गाडीखाली होतो मी. तसाच बाहेर येऊन सही ठोकली."

"तुमच्या तुकडीतला प्रत्येक जण हेच करून आलाय."

गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. तुकडी सीमेवर निघाली होती, ट्रक सुरू होऊन धूर ओकत होते आणि शेवटच्या घटकेला तीन अर्ज भरायचे राहिले म्हणून बोंब झाली. तुकडीतल्या लेखनिकाने बॉनेटवर चढून हुकूम सोडला, चौथ्या रकान्यात बायकोचं नाव घाला आणि गाडीत बसा. पहिला अर्ज होता, काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं. दुसरा, मागे राहिलेलं सामान कोणाच्या ताब्यात द्यायचं. आणि तिसरा, शिक्षणाची सवलत कोण घेणार. वाचतो कोण! सगळ्यांनी तिन्ही कागदांवर बायकोचं नाव घातलं. लग्न न झालेल्यांनी आईचं घातलं, त्यामुळे दोन-तीन म्हाताऱ्याही सरकारदरबारी विद्यार्थिनी ठरल्या.

सवलत तशी भरघोस होती. सैनिकाने स्वतः किंवा घरातल्या कोणा एकाने एक अभ्यासक्रम पूर्ण फुकट शिकायचा. मात्र एकदाच, आणि निवृत्तीनंतर पाच वर्षांच्या आत. पाचवं वर्ष या महिनाअखेर संपत होतं. नाव बदलायचं तर ज्याचं नाव आहे त्याने आपला हक्क लेखी सोडायला हवा, म्हणून आज दोघंही अर्धी रजा टाकून इथे आली होती.

नवऱ्याला ते शिक्षण हवं होतं, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. सैन्यात एकवीस वर्षं त्याने इंजिनं दुरुस्त केली. गाडी दारात येऊन थांबायच्या आत तो नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा. आता गाड्या विजेवर चालायला लागल्या, आणि त्यांना आवाजच नाही. विजेच्या गाड्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून मोठ्या गॅरेजमध्ये त्याला टायर बदलायला ठेवलं होतं. तो घरी येऊन एका शब्दाने कुरकुरत नसे, पण जेवताना हात फार वेळ धुवायचा. वर्षाचा अभ्यासक्रम केला की तो पुन्हा मेकॅनिक होणार होता. त्याने सहा वह्या आणून त्यांना कव्हरंसुद्धा घालून ठेवली होती, कोपरे लष्करी पलंगाच्या चादरीसारखे घट्ट दुमडून. त्या पाहून तिला त्याच्याबद्दल इतकी माया वाटली होती की तिने त्या तीनदा हातात घेऊन परत ठेवल्या.

सवलत तिच्या नावावर असल्याचं पत्र तीन आठवड्यांपूर्वी आलं, ते तिच्याच हाती पडलं. तिने ते दोन दिवस इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवून दिलं. लग्नानंतर नवऱ्यापासून काही लपवायची ही तिची पहिली वेळ. तिसऱ्या दिवशी तिने ते त्याला दिलं. तो पोट धरून हसला, तुकडीतल्या दोघांना फोन करून त्यांनाही हसवलं आणि म्हणाला, "एक सही करून टाक, झालं." ती "बरं" म्हणाली.

नवऱ्याच्या अकरा बदल्यांत तिने अकरा घरं लावली. नव्या जागी सामान उघडून चार दिवस होत नाहीत तोच तिच्या दारात छोट्या चपलांचा ढीग पडायचा. आसपासच्या सैनिकांची मुलं तिच्याकडे यायची, खेळायची आणि कधी मोजायला शिकली, कधी अक्षरं वाचायला लागली, ते त्यांच्या आयांना कळायचंही नाही. आता ती एका शाळेत मावशी होती. डबे उघडून द्यायची, नाकं पुसायची, जिन्यावर हात धरायची. बालवर्गाच्या बाई रजेवर असल्या की मुख्याध्यापिका सांगायच्या, "मावशी, नुसतं बसवून ठेवा त्यांना. शिकवू नका काही." गेल्या वर्षी एक मुलगी दोन महिने वर्गात तोंड उघडत नव्हती. ती पहिल्यांदा बोलली ती मावशीशी, पाण्याच्या नळापाशी. मावशीने धावत जाऊन बाईंना सांगितलं. बाईंनी ते अहवालात लिहिलं आणि मावशीला फरशी पुसून घ्यायला सांगितली.

तिला शिकवायचं होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी हे मोठ्याने म्हणायची तिला लाज वाटत होती, एवढंच.

तिने सही केली. तीन ठिकाणी, स्वच्छ अक्षरांत. नवऱ्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि कागद खिडकीतून आत दिला.

कारकुनाने तो वरून खाली पाहिला आणि परत बाहेर सरकवला.

"वहिनी, कारण राहिलं."

"कसलं कारण?"

"हक्क का सोडताय त्याचं. तुमच्या हस्ताक्षरात लागतं."

"'घरगुती अडचण' लिही," नवरा हळूच म्हणाला.

"सगळ्याजणी तेच लिहितात," कारकून म्हणाला. "तुमच्या तुकडीतल्या सत्तावीस आल्या आतापर्यंत. सत्तावीस घरगुती अडचणी."

तिने पेन टेकवलं. घरगुती अडचण. ती खरोखरच शोधायला लागली. मुलगा नोकरीला लागून दूर राहत होता. सासूबाई गेल्याला सहा वर्षं झाली. घर दोन खोल्यांचं, दुपारी दोनला तिची शाळा सुटायची आणि नवरा साडेसातला यायचा. मधल्या वेळात ती खिडकीशी बसून कपड्यांना बटणं लावायची, आणि बटणं काही इतकी तुटत नव्हती. घरात अडचण असती तर तिने आनंदाने लिहिली असती. नसलेली कशी लिहायची? मुलं न पडता रडली तर ती त्यांना म्हणायची, लागलंय का खरं, दाखव बघू.

जांभया देणारा माणूस खाकरला.

तिने लिहिलं आणि कागद आत दिला. कारकुनाने वाचलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि कागद नवऱ्यापुढे धरला.

'अडचण काही नाही. ह्यांना हवं आहे.'

"हे चालणार नाही," कारकून म्हणाला. "कारण स्वतःचं लागतं."

"अगं, दोन शब्द लिहायचे होते," नवरा म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसती घाई होती. "आता नवा अर्ज, परत पहिल्यापासून."

"लिहिते की. द्या इकडे."

तिने हात पुढे केला, पण त्याने कागद सोडला नाही. तो ती ओळ परत वाचत होता. दोन छोटी वाक्यं वाचायला एवढा वेळ लागत नाही. गाडीचं बॉनेट उघडून, मान तिरकी करून तो असा उभा राहायचा, तेव्हा त्याच्याशी कोणी बोलत नसे.

"आणि तुला?" त्याने विचारलं.

"मला काय?"

"तुला काही शिकायचं असतं, तर काय शिकली असतीस?"

"आता कशाला ते," ती म्हणाली. मग एकदम म्हणाली, "बालशिक्षणाची पदविका. सोमवार ते शुक्रवार, दुपारी अडीच ते साडेपाच. दुसरा मजला. वर्गात खिडक्या तीन आहेत, पण मधली उघडत नाही."

ती थांबली. तिचे कान लाल झाले होते.

नवरा तिच्याकडे बघत राहिला. कारकुनाने मान खाली घालून फायलीतले कागद जुळवायला घेतले. ते आधीच जुळलेले होते.

"कधी गेली होतीस?"

"पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. नुसतं बघायला." तिने घाईघाईने पुढे म्हटलं, "अहो, तुम्ही वह्यांना कव्हरं घातलीत. द्या तो कागद, मी लिहिते."

"नको," तो म्हणाला.

त्याने कागदाची एक घडी घातली, मग दुसरी, आणि तो शर्टाच्या खिशात ठेवून खिशाचं बटण लावलं.

"साहेब," तो कारकुनाला म्हणाला, "प्रवेशाचा अर्ज कोणत्या खिडकीत मिळतो?"

"इथेच मिळतो. कोणाच्या नावाने?"

नवरा खिडकीसमोरून एक पाऊल बाजूला झाला.

"सांग त्यांना," तो तिला म्हणाला.