मान कलती केली की

हातातल्या मोबाइलची काळी काच... तिच्यात दवाखान्याची ट्यूबलाइट आणि खाली स्वतःचं उतरलेलं तोंड — रक्षानं पटकन मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. खरं तर कोणी पाहत नव्हतं. मामाजी, तिचे सासरे रूपराव, आत लेझरखाली होते. बुबुळावर साचलेला कॅल्शियमचा थर आज निघणार होता. तरी सकाळपासून कोणीतरी पाहतंय असं वाटत होतं, ते त्या डॉक्टरीणबाईमुळे. किती सहज बोलून गेली बाई!

"थर सलग नाही हो, चाळणीसारखी बारीक भोकं आहेत त्यात. मान कलती केली की बरंच दिसत असेल आजोबांना."

मान कलती... अगं बाई! रोज संध्याकाळी बोरगावच्या घरात ते तसेच तर बसत, आणि ही समजायची, कान देताहेत. "दुर्गेशचा फोन आलता का?" असं ते विचारत, आणि ही तिथंच, त्यांच्यापुढ्यात, हा मेला मोबाइल कानाला लावी — हो, जेवले मामाजी... हो, गोळ्या घेतल्या... तुम्ही कधी येता? — आणि पलीकडे कोणी नसे. दिवाळीनंतर दुर्गेशनं, तिच्या नवऱ्यानं, पुण्याहून फोन करणं सोडलं होतं, मग उचलणंही. म्हाताऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून हे नाटक. आणि त्यांना कुठं दिसतंय, म्हणून डोळे पुसायचीही तसदी ती घेत नसे. आवाज तेवढा हसरा ठेवायचा, गालांवरून वाहायचं ते वाहू दे.

पण दिसत असेल तर?... 'फोन मले दे' असं दुर्गेशच्या बापानं एकदाही कसं म्हटलं नाही? रेंज जाते, हे उत्तर ती कधीची तयार ठेवून होती, ते कधी लागलंच नाही. परवा वरणात मीठ नव्हतं, तरी गुपचूप जेवले — का? मजा पाहत होता म्हातारा! तिच्या अंगाची लाही झाली. की पोराचं बिंग सुनेनंच झाकलेलं बरं, असा डाव? सगळे एकाच माळेचे मणी, बाप काय अन् लेक काय...

दार उघडलं. काळा चष्मा लावलेले मामाजी भिंत चाचपत आले. परतताना ऑटोत तिला राहवलं नाही.

"मामाजी, तुमाले आधी काई दिसे का?"

ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला.

"उजेड दिसे," ते म्हणाले. "लय नाई."

खरं की खोटं, चष्म्यामागचं काय कळणार!

संध्याकाळी ते नेहमीच्या खुर्चीत बसले. मान आज सरळ होती.

"दुर्गेशचा फोन आलता का?"

तिनं मोबाइल उचलला... आणि हात कानापर्यंत जाईना. नुसता उजेडच दिसत असेल, तर या घरात इतके महिने ती एकटीच रडली होती. कुणीच पाहिलं नव्हतं, कुणीच नाही — आणि हे मात्र सोसवेना. मोबाइल तिनं मांडीवर ठेवला, काळी काच त्यांच्याकडे करून, आणि सकाळपासून ज्याची धास्ती होती तेच ती आता मनातल्या मनात मागू लागली... पाहिलं असू दे, मामाजी, तुम्ही पाहिलं असू दे.