पट्टा बनवणाऱ्यानेच बसायचं

ठाकूरजींची सफरचंदं दर वर्षी मनालीहून वाशीच्या फळबाजारात यायची. सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात मात्र ट्रकबरोबर ते स्वतःही आले, आणि येताना गोणपाटात गुंडाळलेला एक फाटका रबरी पट्टा घेऊन आले. बाजारातल्या हमालांनी त्यांना पत्ता सांगून रिक्षात बसवलं आणि जवळच्या पावणे गावातल्या, सुनीती गद्रे यांच्या कारखान्यात पाठवून दिलं.

कारखाना म्हणजे एक गाळा, रबर दाबणारे दोन प्रेस आणि सहा माणसं. बिस्किटांच्या आणि औषधांच्या कंपन्यांत माल पुढे सरकवणारे पट्टे सुनीती तिथे बनवायची. ठाकूरजींचा पट्टा जमिनीवर पसरल्यावर तिचा सगळ्यात जुना कारागीर धनाजी त्याच्याशेजारी उकिडवा बसला आणि बोटं फिरवून बघू लागला. पट्टा जाड होता, गोल, आणि बाहेरच्या अंगाला रबराचेच बोटभर उंच दात.

“ह्यो कशाचा म्हनायचा?” धनाजीने विचारलं.

“स्नो स्कूटर का,” ठाकूरजी म्हणाले. मग त्यांनी हातवारे करून समजावलं. पुढे दोन पट्ट्या घसरतात, मागे हा पट्टा फिरतो आणि गाडी बर्फावर पळते. मनालीजवळ सोलंगला त्यांचं छोटं हॉटेल होतं. हिवाळ्यात पाहुण्यांना फिरवायला त्यांनी परदेशातून एक जुनी गाडी आणवली होती. पट्टा फाटला तेव्हा तिकडे पत्र टाकलं, तर चार महिन्यांनी उत्तर आलं की ते मॉडेलच आता बंद झालंय. मग कुणीतरी एक पट्टा बनवून दिला. तो ऐन डोंगरात तुटला आणि साठीच्या ठाकूरजींना कमरेएवढ्या बर्फातून चार तास चालत खाली यावं लागलं.

“म्हणून माझी एक अट आहे,” ते हिंदीत म्हणाले. “जो पट्टा बनवेल, तोच आधी गाडीवर बसेल. तुटला तर तोच चालत खाली येईल.”

सुनीती हसली. ठाकूरजी हसले नाहीत.

पुढचे तीन महिने इतर कामांतून वेळ काढून सुनीती आणि धनाजी त्या पट्ट्यामागे लागले. थंडीत रबर लाकडासारखं कडक होतं, हीच खरी अडचण. सुनीती निरनिराळी मिश्रणं करायची, धनाजी ती प्रेसमध्ये घालून तुकडे काढायचा, आणि ते तुकडे सुनीतीच्या घरच्या फ्रीजरमध्ये जायचे. एकदा मटारची पिशवी काढताना तिच्या सासूबाईंच्या हातात ते काळे तुकडे आले. “हे कुठल्या भाजीत घालायचंय?” त्यांनी शांतपणे विचारलं. सतराव्या मिश्रणाचा तुकडा रात्रभर फ्रीजरमध्ये राहूनही सकाळी घडी केली तर दुमडला.

फेब्रुवारीत दोघं पट्टा घेऊन सोलंगला पोचले. धनाजीने दोन स्वेटर, माकडटोपी आणि कारखान्यातले गमबूट घातले होते. हॉटेलच्या दारात उतरल्यावर त्याने समोर पाहिलं. “मॅडम, समदी मिठागरंच की वो,” असं म्हणून त्याने चिमूटभर बर्फ उचलला आणि चाखूनही पाहिला.

पट्टा दीड तासात बसला. मग ठाकूरजींनी धनाजीकडे बोट केलं. “बैठो.”

“म्या सायकल सोडून काय बी चालवलं न्हाई,” धनाजी सुनीतीला हळूच म्हणाला.

“मी बसते मग,” ती म्हणाली. “पट्टा माझाही आहेच.”

“नगं. मिश्रन तुमचं, पन हात माजा लागलाय.”

ठाकूरजींनी धडा दिला तो एवढाच. दोरी ओढली की इंजिन सुरू. उजव्या अंगठ्याखालचा खटका दाबला की गाडी पळणार, सोडला की मंदावणार. डाव्या हाताला ब्रेक. मऊ बर्फात थांबायचं नाही, आणि पाय कधी बाहेर काढायचा नाही.

धनाजीने अंगठा दाबला तो प्रेसचं बटण दाबावं तसा. गाडी उडी मारून निघाली आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरामागे लोटून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगात नाकापर्यंत घुसली. स्वयंपाकी खिडकी उघडून बघायला आला. दुसऱ्या वेळी धनाजी भीतीने इतका हळू निघाला की इंजिन बंद पडलं. तिसऱ्या वेळी गाडी जराशी कलली, तर सायकलच्या सवयीने त्याचा पाय बाहेर आला.

“पाँव अंदर!” ठाकूरजी ओरडले. “पट्ट्याखाली जाईल!”

सगळ्यात अवघड गेलं ते वळण. धनाजी हँडल पार फिरवायचा आणि गाडी मात्र सरळच जायची. “हँडल नहीं, बदन!” ठाकूरजी सांगत होते, पण बदनाने काय करायचं हे त्याला कळेना. एका वळणावर गाडी आडवी झाली आणि तो मऊ बर्फात तोंडावर पडला. उठला तेव्हा माकडटोपीच्या भोकातून फक्त डोळे दिसत होते. सुनीतीला हसू आवरेना. मग तोही हसला.

मग धनाजी चहा प्यायला बसला. मध्येच पेला हातात घेऊन उभा राहिला, गुडघे वाकवले आणि डावीउजवीकडे झुकू लागला.

“काय झालं?” सुनीतीने विचारलं.

“आमच्यात पेरनीआदी ढेकळं फोडाय बैलांमागं जड फळी लावत्यात. ल्हानपनी म्या तिच्यावर हुबा ऱ्हायचो. बैलं वळली की आपन आतल्या अंगाला भार टाकायचा, न्हाईतर फळी आपल्याला फेकून देती.” तो थांबला. “ही गाडी म्हंजी फळीच हाय, मॅडम. बैलं तेवढी आतमदी हायती.”

चहानंतर तो सीटवरून जरासा उठून, गुडघे सैल सोडून निघाला. वळण आलं तसं त्याने अंग आत टाकलं, आणि गाडी गुमान वळली. पुन्हा वळली. ठाकूरजींनी टाळी वाजवली नाही, पण खिशातले हात बाहेर काढले.

दुपारी खरी परीक्षा झाली. समोरच्या उतारावर देवदारांच्या रांगेपर्यंत जायचं आणि परत यायचं, असे दहा फेरे. सहा नीट झाले. सातव्या फेऱ्यात धनाजी वर पोचला आणि त्याला मागे वळून बघावंसं वाटलं. खाली हॉटेल काडेपेटीएवढं दिसत होतं, आणि त्याच्यापुढे सुनीतीचा लाल कोट. तो थांबला. गाडी हळूहळू खाली बसायला लागली. अंगठा दाबला तर आणखी रुतली. त्याने इंजिन बंद केलं.

इतकी शांतता त्याने आयुष्यात ऐकली नव्हती. पट्टा तुटला काय? गुडघ्यावर बसून त्याने हातांनी बर्फ उपसला आणि पट्ट्याखाली बोटं घातली. एकेक दात चाचपत गेला. पट्टा शाबूत होता. मग त्याने पुढचा बर्फ तुडवून घट्ट केला, गाडीची मागची बाजू उचलून त्यावर सरकवली आणि दोरी ओढली. या खेपेला अंगठा त्याने तव्यावरची भाकरी दाबावी तसा हलकेच टेकवला. गाडी वर आली.

अर्ध्या उतारावर त्याला सुनीती भेटली. मांडीएवढ्या बर्फातून धापा टाकत ती वर निघाली होती.

“पट्टा?” ती ओरडली.

“पट्टा झ्याक हाय! अक्कल माजी रुतली व्हती!”

उरलेले फेरे झाल्यावर ठाकूरजींनी गाडी आडवी पाडली, चष्मा लावला आणि पट्ट्यावरून सावकाश हात फिरवला. दोन दातांचे शेंडे उडाले होते. सुनीतीचा चेहरा पडला. “मिश्रण आणखी सुधारायला हवं,” ती म्हणाली.

“दाँत तो मेरे भी दो गए हैं,” ठाकूरजी म्हणाले आणि पहिल्यांदाच तोंड उघडून हसले. खरंच दोन नव्हते. “चबाता तो हूँ ना?” पुढच्या हिवाळ्यासाठी आणखी एक पट्टा बनवा, असं त्यांनी तिथेच सांगून टाकलं. मग सुनीतीकडे वळून म्हणाले, “अट तुम्हालाही आहे. बनवलाय दोघांनी.”

सुनीतीला धनाजीनेच शिकवलं. ती त्याच्याहून कमी वेळा पडली, हे त्याने मान्य केलं. पण तिला गुरू चांगला मिळाला होता, असंही तो म्हणाला.

संध्याकाळी दोघं मनालीत उतरली. एसटीडी बूथवरून धनाजीने घरी शिरवणे गावात, शेजाऱ्यांकडे फोन लावला. राजाबाईला, त्याच्या बायकोला, बोलावून आणलं गेलं. ती धावत आली असावी, श्वास लागला होता.

“झालं का काम?”

“झालं. म्या गाडी चालवली.”

“कुनाची?”

“बर्फावरची. डोंगरावर. येकट्यानं.”

मग राजाबाई म्हणाली, “पडला आसाल.”

“लई डाव.”

“लागलं का?”

“बर्फात कुटं लागतंय.”

“मंग मलाबी न्या की येकदा. तुमाला आली म्हंजी मलाबी यील.”

धनाजी काचेबाहेर बघत हसला. “यील की,” तो म्हणाला, आणि आज जेवायला काय केलंय ते विचारलं.