दोन ओळींची शिरोरेषा

मित्रांनो, सांगलीजवळच्या एका साखर कारखान्याच्या गोदामात, रिकाम्या पोत्यांखाली पडलेला मी टीव्हीचा जुना पडदा आहे. करमणुकीचं काम मला कधी मिळालं नाही. १९७८ साली मला एका छोट्या संगणकाला जोडलं आणि गाडीतळावर बसवलं. वजनकाट्यावर ज्याच्या उसाच्या गाडीचा नंबर लागेल, त्याचं नाव मी दाखवायचं.

ही कल्पना सुहासिनीबाईंची. त्या नुकत्याच पदवीधर होऊन कारखान्यात नोकरीला लागल्या होत्या. गाडीवानांना आपलं नाव वाचता यावं म्हणून त्यांनी एकेक ठिपका मांडून मराठी अक्षरं तयार केली. पण आटपाडीचा गुंडा, चौथी शिकलेला गाडीवान, मला बघून हसला.

"बाई, माजं नाव लय थरथरतंय. हिवताप आला का काय त्याला?"

बाईंनी माझा उजेड कमी केला. थरथर कमी झाली, पण उन्हात अक्षरंच दिसेनात. मग त्यांना खरं कारण सापडलं. मी चित्र उजेडाच्या बारीक आडव्या ओळींनी, दोन फेऱ्यांत काढतो, आधी विषम ओळी, मग सम. शिरोरेषा एकाच ओळीवर होती. ती एका फेरीत उजळायची, दुसरीत विझायची. ती लगतच्या दोन ओळींवर काढायला हवी होती.

"दुपारपर्यंत वेळ द्या," बाई म्हणाल्या.

"अकराला हंगामाची पहिली मोळी पडायची," व्यवस्थापक भाऊसो म्हणाले. "तुमच्या रेघेसाठी मुहूर्त थांबवू?"

उसाची पहिली मोळी गाळपाच्या गव्हाणीत पडली. मुहूर्ताला आलेल्या पाहुण्यांनी मला हार घातला आणि थरथरती नावं बघून डोळे चोळले. इंग्रजीला शिरोरेषा नाही, तिथं थरथर कमी. भाऊसोंनी उभ्या उभ्याच ठरवलं, नावं इंग्रजीत.

दुपारी शिरोरेषा दोन ओळींची झाली. गुंडाचं नाव स्थिर राहिलं.

"उतरला की ताप," तो म्हणाला.

बाई भाऊसोंना बोलवायला गेल्या. ते खुर्चीतून उठले नाहीत. "ठरलं ते ठरलं."

दुसऱ्या दिवशी गुंडा माझ्यासमोरच उभा होता. मी त्याचं नाव तीनदा दाखवलं, इंग्रजीत. त्याला ते वाचता आलं नाही, नंबर हुकला आणि त्याची गाडी रांगेच्या शेवटी गेली.

"अडाण्यांना यंत्र कशाला?" भाऊसो म्हणाले.

"आवं सायेब, काल वाचलं की मी."

भाऊसो पुढं निघून गेले होते.

महिनाअखेर बाईंनी नोकरी सोडली. पुढच्या हंगामात मला उतरवलं. वहीत शेरा पडला, 'गाडीवान पडद्याकडे बघत नाहीत.'

मित्रांनो, माझी धूळ पुसा, असं मी म्हणत नाही. पण कुणाला वाचता आलं नाही, तर त्याला अडाणी म्हणण्याआधी त्याच्यासमोर काय लिहून ठेवलं आहे, ते एकदा बघा.