हळदीच्या स्टेजवर सांगितलेली युक्ती

अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालतात. पाय धुतात, अनारशांचं वाण देतात. मी माझ्या जावयाला पाटावर बसवलं, ताट वाढलं आणि त्या भरल्या ताटावर त्याला चोर म्हटलं. चार माणसांत म्हटलं. त्यानंतर माझी लेक माधुरी माझा फोन उचलेना, आणि ती दोघं माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकतील की नाही, हा घोर मला लागला. मला गुणाबाई म्हणतात. माझ्या जिभेला जासईपासून पनवेलपर्यंत सगळे टरकून असतात, आणि तोवर मला त्याचं कौतुकच वाटत होतं. जावयाने ती नोकरी आता सोडली, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

भांडण काय होतं ते आधी सांगते. मी चौथीपर्यंत शिकले, तेव्हा मला कळलं तसं सांगते.

हल्ली बँका, दवाखाने, मोठमोठी ऑफिसं आपली माहिती स्वतःजवळ ठेवत नाहीत. लांब कुठेतरी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ठेवतात, त्याला क्लाउड म्हणतात. त्याचा आभाळाशी संबंध नाही, मी विचारून घेतलंय. तिथे चोऱ्या होतात, म्हणून राखण करणाऱ्या कंपन्या असतात. माझा मुलगा अविनाश तसल्या एका कंपनीत, माझा जावई निनाद दुसऱ्या कंपनीत. दोघींचं गिऱ्हाईक एकच, म्हणजे बाजारात शेजारी पाट्या लावून बसलेल्या दोन कोळणीच. अविनाशने एक युक्ती काढली. त्याच्या कंपनीने तिचं पेटंट घेतलं, म्हणजे सरकारकडून लिहून घेतलं की ही युक्ती आमची, दुसऱ्याने वापरायची नाही. पुढे निनादच्या कंपनीने तसलंच काहीतरी विकायला काढलं, आणि अविनाशची कंपनी कोर्टात गेली.

घरात मात्र दोघं शहाण्यासारखे वागले. सणासुदीला भेटले की क्रिकेटवर बोलायचे. मग एका संध्याकाळी अविनाश तोंड पाडून घरी आला. निनादच्या कंपनीने कोर्टात एक व्हिडिओ दिला होता. आमच्या भरतच्या हळदीचा.

भरत म्हणजे माझे दीर काशीराम भावजी, त्यांचा मुलगा. आम्हा आगऱ्यांची हळद लग्नापेक्षा मोठी असते. स्टेज असतो, बेंजो असतो, मोठा पडदा असतो आणि आता यूट्यूबवर लाइव्ह असतं. भरतच्या हळदीला अख्खा गाव लोटला होता. मी बेंजो थांबवला, अविनाशला स्टेजवर चढवलं, भावजींच्या हातून शाल आणि नारळ दिला आणि माइकवाल्याला म्हटलं, विचार याला, काय शोध लावला ते.

अविनाश माझ्या कानाशी लागला. "आई, नको. इथे कुणाला काय कळणार?"

"आमी काय येडी हाव? आमाला कलंल असं सांग."

आणि त्याने सांगितलं. असं सांगितलं की नाचायला उभी राहिलेली पोरंसुद्धा ऐकत राहिली. तो म्हणाला, समजा या हळदीत एक चोर खरी पत्रिका घेऊन आला. पत्रिका खरी, म्हणून गेटवर त्याला कोणी अडवणार नाही. पण तो नवऱ्याला हळद लावत नाही, जेवायला बसत नाही, सरळ घरात शिरून कपाटाची खोली शोधतो. त्या चालीवरून त्याला ओळखायचं. ओळखलं तरी हाकलायचं नाही. त्याला कळू न देता तसल्याच दुसऱ्या घरात न्यायचं. तिथे तसंच कपाट, तसेच दागिने, सगळे खोटे. तो ते उचकत बसला की आला कुठून, त्याला पाठवलं कोणी, सगळं आपल्याला समजतं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझी छाती अशी फुगली होती की चोळी तटतटली.

पेटंटचा अर्ज त्यानंतर काही महिन्यांनी गेला. कायदा असा आहे म्हणे, की युक्ती अर्जाआधी चारचौघांत सांगून टाकली की ती नवी राहत नाही. मग ती सगळ्यांची. निनादच्या कंपनीने अविनाशचं स्टेजवरचं बोलणं शब्द न् शब्द इंग्रजीत करून, शिक्का मारून कोर्टात दिलं. शिट्ट्यासुद्धा लिहिल्यात म्हणे कंसात.

"व्हिडिओ त्यांना दिला कोणी?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"निनाद होता की हलदीला. पुढच्या रांगेत होता."

अविनाश गप्प राहिला. त्याचं गप्प राहणं हेच मी उत्तर धरलं.

म्हणून धोंड्याच्या जेवणाला मी काशीराम भावजींनाही मुद्दाम बोलावलं. चोरी चार माणसांत काढायची, असं मनाशी ठरवूनच मी पुरण वाटलं. निनाद आला, पाया पडला. मी त्याचे पाय धुतले, पुसले. धोंडे वाढले, तूप वाढलं. त्याने पहिला घास हातात घेतला आणि मी तोंड उघडलं.

"जेवा जावई, पोटभर जेवा. या घरातलं नेऊन दुसऱ्याला द्यायची सवय हाय तुमाला. आज निदान पोटात घालून न्या."

भावजी हसले. "वैनी, जावयाची मस्करी करता का?"

"मस्करी नाय भावजी. हलदीत पुढं बसून टाल्या वाजवायच्या आन नंतर तोच व्हिडिओ साहेबाच्या हातात द्यायचा. चोर बरा, तो निदान पाया पडून जेवायला बसत नाय."

निनादने घास ताटात ठेवला. "आई, मी काही दिलं नाही."

"मंग काय वाऱ्यानं उडत गेला?"

निनादने एकदा अविनाशकडे पाहिलं. अविनाश खाली मान घालून धोंडा कुस्करत होता. मग निनाद म्हणाला, "केस चालू आहे. मला यावर बोलता येत नाही."

"चोराला कवा बोलता येतं?"

"आई, बस कर," माधुरी म्हणाली. ती ताटावरून उठली. निनाद उठला नाही. ठेवलेला घास त्याने खाल्ला, ताटातलं संपवलं, हात धुतला. वाण नाकारत नाहीत म्हणून अनारशांचं तबकही घेतलं. जाताना पुन्हा माझ्या पाया पडला. मला तो कोडगेपणा वाटला.

ती दोघं गेली, भावजी गेले आणि मी भांडी आवरायला लागले. माझी सून रुचिरा पुण्याची. लग्न झाल्यापासून तिने माझ्यापुढे कधी दोन वाक्यं सलग बोललेली मला आठवत नाहीत. त्या दिवशी बोलली.

"आई, तो व्हिडिओ कुणी द्यायची गरजच नव्हती. यूट्यूबवर अविनाशचं नाव टाकलं की तोच पहिला येतो."

"एवढ्या लांबलचक हलदीत तेवढाच तुकडा त्यांना कसा घावला?"

"तुकडा वेगळाच आहे. बाळ्याकडून तुम्हीच करून घेतलात."

बाळ्या म्हणजे आमचा शूटिंगवाला. हळदीनंतर मी त्याच्या दुकानात ठाण मांडून बसले होते. अविनाशचं बोलणं तेवढं वेगळं काढून घेतलं, वर त्याचं नाव, कंपनीचं नाव आणि 'समाजाचा अभिमान' असं लाल अक्षरात घालून घेतलं. बाळ्या म्हणत होता, कंपनीचं नाव कशाला? मी म्हटलं, तुला पैसे नावाचे मिळतात की अकलेचे?

रुचिराने भांडं पुसून ठेवलं. "आणि निनादने तर तो तुकडा यूट्यूबवर चढला त्याच दिवशी फोन केला होता. आम्ही पळस्प्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, फोन गाडीच्या स्पीकरवर होता. तो म्हणाला, अवी, आजच्या आज तो व्हिडिओ काढायला लाव, नाहीतर तुमचं पेटंट जाईल. आणि हे मी तुला सांगितल्याचं कुठे बोलू नकोस, माझ्या ऑफिसात कळलं तर मला ठेवणार नाहीत."

अविनाश स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा होता.

"खरं का रं?"

"हो."

"मंग काढला का नाय?"

"कसा काढणार? तू येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतीस. दूधवाल्यालासुद्धा उभं करून दाखवलास. काढ म्हणून तुला कोण सांगणार होतं? महिनाभर घर डोक्यावर घेतलं असतंस."

"आन अर्ज केला तवा ऑफिसात विचारलं नसंल, आधी कुठं बोललायस का?"

"विचारलं होतं. मी नाही म्हणालो."

"आन आज मी त्याला चोर म्हणत होते, तवा धोंडा कुस्करत बसलास."

"काकांसमोर फोनचं सांगितलं असतं तर निनादची नोकरी गेली असती, आई."

"फोनचं नको. व्हिडिओ आईनं चढवला, एवढं तरी बोलायचं. ते बोललास तर नोकरी कोणाची जाते?"

मला हात उगारावासा वाटला, पण उगारला नाही. पस्तीस वर्षांचा पोरगा आईला एक व्हिडिओ काढ म्हणून सांगू शकत नाही, तर तो बाहेर कुणापुढे खरं बोलेल? आणि त्याला असं कोणी केलं, हे विचारायला मला घराबाहेर जायची गरज नव्हती.

"उद्या माझ्यासंगं चल निनादकडं," मी म्हटलं.

"नाही येता येणार. समोरच्या कंपनीच्या माणसाशी बोलायचं नाही, असं वकिलांनी बजावलंय."

"वकिलानं बरी सोय लावली तुजी."

मी एकटी गेले. निनादचं घर नवीन पनवेलला, चौथ्या मजल्यावर. रिक्षात बसून काय बोलायचं ते जुळवत होते. आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे शब्द अनोळखी होते. दार उघडलं ते निनादच्या आईने, आशालताबाईंनी. बाई उरणच्या मोरा बंदरातल्या. धक्क्यावर मासळी विकून पोराला इंजिनिअर केलं. त्यांना मी मनातून नेहमी एक पायरी खाली ठेवलं होतं.

"विहीणबाई, या, या. आत्ताच तुमचं नाव निघालं होतं." त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. "निनाद सांगत होता, काय जेवण केलंत. पाय धुतलेत म्हणे, दिरांना मानाने बोलावलंत. आणि अनारसे तर देवापुढे ठेवून सगळ्या मजल्याला वाटले मी. सांगितलं, आमच्या पोराच्या सासूने केलेत."

स्वयंपाकघराच्या दारात माधुरी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती आणि मला कळलं. निनादने घरी काहीच सांगितलं नव्हतं. आईला वाटत होतं की तिच्या पोराचा मान झाला.

जुळवून आणलेलं मी बोलले नाही. बोलले असते तर मी हलकी झाले असते, आणि ही बाई, जिने सगळ्या मजल्यावर माझे अनारसे वाटले, तिच्या डोक्यावर सगळं ओझं गेलं असतं. शिवाय पोराने आपल्याशी खोटं बोलल्याचं तिला कळलं असतं. मी चहा घेतला. आशालताबाईंनी विचारलं, अनारशाचं पीठ किती दिवस मुरवता? सांगितलं. जाळी कशी पडते, तेही सांगितलं.

"एक बोलू? राग नका धरू," त्या म्हणाल्या. "तुमच्या तोंडाचं फार ऐकलं होतं मी लग्नाआधी. धसका घेतला होता. पण माझ्या पोराला तुम्ही पोटच्यासारखं धरलंत."

मला कुणी भर बाजारात धुतलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

निघाले तेव्हा निनाद रिक्षापर्यंत सोडायला खाली आला. फाटकाशी मी थांबले.

"जावई, चुकले मी. समजलं मला सगलं. फोनचंही."

"अवीने सांगितलं?"

"रुचिरानं."

त्याने मान हलवली. अवीने नाही, हे त्याला टोचलं, मला दिसलं. "अवी आला नाही?"

"वकील नको म्हणतो."

तो थोडासा हसला. मग म्हणाला, "फोनचं मात्र कुठे बोलू नका. काकांजवळ तर नाहीच. त्यांना सांगितलं की गावात पोचतं, आणि गावातून माझ्या ऑफिसात पोचायला वेळ लागणार नाही."

"दिवालीला याल ना?"

"येईन. माधुरीचं माहेर मला तोडायचं नाही." रिक्षा आली, त्याने हात दाखवून थांबवली. "पण मला पाटावर बसवू नका, आई. सगळ्यांबरोबर उभ्याने चहा घेईन, तेवढं पुरे."

ते त्याने इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला भांडताही आलं नाही. त्याने रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि तो वर निघून गेला.

रिक्षा सिग्नलला थांबली. फोनचं बोलायचं नाही, हे त्याने सांगितलं होतं. पण व्हिडिओ माझा होता. तो मी चढवला, मी नाव घालून घेतलं, त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. अविनाशला जे एक वाक्य बोल म्हणून मी झाडलं होतं, ते मीही अजून कुठे बोलले नव्हते. मी काशीराम भावजींना फोन लावला.

"भावजी, तो व्हिडिओ निनादनं नाय दिला. मीच यूट्यूबवर टाकून घेतला होता, बाल्याकडनं. पोराचं नाव, कंपनीचं नाव घालून. वकिलांना तिथंच घावला."

"म्हंजी वैनी, पोराचं पेटंट तुमच्यामुलं बुडतंय?"

"होय."

"आन ताटावर जावयाला बोललात ते?"

"खोटं बोलले. त्याचा काय बी दोष नाय."

भावजींनी घसा साफ केला. त्यांच्या पोटात काही राहत नाही, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक आहे. "हे मी कोणाला सांगू नको ना?"

"सांगा. सगल्यांना सांगा. त्यासाठीच फोन केलाय."

"अगो, हिकडं ये," भावजींनी फोन न ठेवताच बायकोला हाक मारली, "वैनीनं काय केलं ऐक जरा." आणि ते सांगायला लागले. पहिल्यापासून, तिखटमीठ लावून. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. मी फोन कापला नाही. ऐकत बसले.