उडालेली टोपी

बुद्धजयंती तोंडावर आली होती. टोंगयोंगच्या बंदरामागे, टेकडीवरच्या देवळात कागदी कमळांचे कंदील लागले होते. जिवंतांसाठी रंगीत, गेलेल्यांसाठी पांढरे. प्रत्येकाखाली नावाची आणि मागण्याची चिठ्ठी. सोह्वा आईच्या नावाने पांढरा कंदील लावायला आली होती. आई जाऊन पहिलंच वर्ष.

देवळातल्या या सगळ्या चिठ्ठ्या इतकी वर्षं आईच लिहायची. तिचं सुक्या मासळीचं दुकान. पुठ्ठ्यावर भाव लिहून लिहून हात बसलेला. ऐसपैस, घाईचं, हसरं अक्षर. कोरियन 'ह'च्या डोक्यावर टोपीसारखी रेघ असते, ती तर तिची कायम उडालेली.

सोह्वा सोलमध्ये फॉन्ट बनवायची. आईच्या अक्षराचाही तिने बनवला. तिच्याकडून कागदच्या कागद लिहून घेतले, मग पडद्यावर एकेक अक्षर ओळीत बसवलं आणि टोप्या डोक्यावर आणल्या.

"छान आहे," आई म्हणाली होती. "पण माझं कशाला म्हणतेस गं? ही तर वेणीफणी करून शाळेला निघालेली पोर दिसते."

"आई, लोकांना वाचता यायला हवं ना!"

"आणि माझी मासळी काय लोक न वाचताच नेत होते?"

सोह्वा तेव्हा हसली होती. फॉन्ट खूप चालला. चहाच्या दुकानांवर, लोणच्यांच्या बरण्यांवर दिसू लागला. घर बदलताना आईचे कागद तिने रद्दीत दिले. फॉन्ट आहे की, असं तिला वाटलं.

देवळात ग्युमोक मावशी छापलेल्या चिठ्ठ्या वाटत बसल्या होत्या. आईची जुनी मैत्रीण.

"ये गं बाई. देवळाला फॉन्ट फुकट दिलास, पुण्य लागेल. तुझी आई दुपारभर लिहायची, आणि तोंड हातापेक्षा जास्त चालायचं."

त्यांनी चिठ्ठी पुढे केली. वर आईचं नाव, ह्वांग बोकरे. ह्वांग या आडनावातच 'ह'. टोपी अगदी सरळ.

"मावशी, आईच्या हातची एखादी जुनी चिठ्ठी असेल का हो?"

"वेडी का तू? सण झाला की सगळ्या जाळतो आपण. आणि तिचे पुठ्ठे, ते तर रोज भिजायचे, रोज नवे." मावशींनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा सारखा केला. "मी म्हणायचे, बोकरे, धर ती टोपी. तर म्हणायची, जाऊ दे, वारा आहे."

सोह्वाने कोरी चिठ्ठी मागून घेतली. नाव लिहिलं, टोपी सरळ आली. दुसऱ्या चिठ्ठीवर मुद्दाम उडवली, तर ती सोंग केल्यासारखी दिसली. ती तिने खिशात घातली. शेवटी स्वतःच्या सरळ अक्षरातली चिठ्ठीच पांढऱ्या कंदिलाला बांधली आणि हात जोडले. मागण्याच्या जागी काही लिहायचं राहूनच गेलं.

समुद्रावरून वारा आला. ओळीच्या ओळी चिठ्ठ्या फडफडल्या. टोपी मात्र एकाही अक्षराची हलली नाही.