एका लिटरचं माप

“कुणाला खरं वाटणार न्हाई, पर हगवणीची पुडी कशी कालवायची ते विमलसिस्टरला मी शिकवलंय!”

दूध संस्थेच्या ओट्यावर किटली आदळत धोंडीराम म्हणाला. दूध घालायला थांबलेली रांग हसली. सटवा तेवढा हसला नाही. त्याच्या बायकोला, भामाबाईला, पहाटेपासून हगवण लागली होती. आरोग्य उपकेंद्रातल्या विमलसिस्टरने संस्थेच्या कपाटात ओआरएसच्या पुड्या ठेवल्या होत्या, त्यांतली एक घेऊन तो घाईने निघाला होता.

“कशात कालवणार बे?” धोंडीरामने वाट अडवली.

“फुलपात्रात. टँकर उद्या येणार, तात्या. लिटरभर पाणी कुठून आणू? अन् घट्ट असलं तर लवकर लागू पडंल.”

“थांब. मागल्या दुष्काळात आश्रुबानं असंच केलं. आता वर गेलाय बिचारा. अख्खी पुडी फुलपात्रात कालवून बायकोला पाजाया लागला. बाईची जीभ अशी वाळली, चपलीला तळ लावून घ्यावा! वर वकाऱ्या. मी पळत गेलो. म्हणलं, सिस्टर, ह्येला लिटरभर पाणी लागतंय! ती नवी, नुसती मुंडी हलवायली. मग मी ह्ये माप काढलं.” त्याने खिळ्यावरचं दुधाचं लिटरचं माप टिचकीने वाजवलं. “दूध घालायच्या आधी एकेकाला विचारायचं. चुकला की दूध परत. आठ दिवसांत म्हशीबी बरोबर सांगाया लागल्या. पुडी किती?”

“एक!” रांग सवयीने ओरडली.

“पाणी किती?”

“एक लिटर!”

सटवाने मुठीतल्या पुडीकडे पाहिलं.

धोंडीरामची बायको रुक्मिणीबाई रांगेतून निघाली. घर समोरच होतं. उकळून निववलेल्या पाण्याची कळशी आणि एक चरवी घेऊन ती परतली. माप विसळलं, काठोकाठ भरलं, चरवीत ओतलं. कळशीचा तळ दिसला.

“सगळी पुडी ह्यात टाक. घोटघोट पाज. अन् सिस्टरला निरोप धाड.”

“तुमचं प्यायचं पाणी, काकू...”

“जा म्हणते ना.”

चरवी दोन्ही हातांनी धरून सटवा गेला. तो वळणाआड होईपर्यंत रुक्मिणीबाई बघत राहिली.

“तर मग सिस्टर मला म्हणली,” धोंडीरामने पुन्हा धागा पकडला, “तात्या, तुमी नसता तर...”

“खोटं,” माप खिळ्याला अडकवत रुक्मिणीबाई म्हणाली. शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “आश्रुबाची बायको कशाची, मीच होते ती. फुलपात्र तुमच्या हातात होतं, अन् विमलसिस्टरनं ते हिसकून घेतलं. पुडी किती, पाणी किती, हे सगळ्यात आधी तिनं तुमच्याकडूनच वदवून घेतलं. तीनदा चुकलात.”