दोरावर पडलेला पाय

मी एक तुटका दोर आहे. जुना नव्हे, तुटका. हा फरक आधीच सांगतो, कारण एका भरलेल्या सभागृहात माझ्याविषयी भलतेच सांगण्यात आले आणि लोक ते मान डोलावत ऐकत राहिले. मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही याचा माणसे फार फायदा घेतात. आज माझी बाजू ऐका.

माझा जन्म एका लांबलचक, सतत घरघरणाऱ्या खोलीत झाला. तिथे यंत्रावर कितीतरी रिळे एकमेकांच्या आतबाहेर जात गरगर फिरत आणि त्यांच्या मधून दोर वर सरकत येई. आधी माझा गाभा तयार झाला, म्हणजे नायलॉनच्या पांढऱ्याशुभ्र पेडांचा जुडगा. मग त्याच्याभोवती नारिंगी साल विणली गेली. तुम्हाला बाहेरून दिसते ती साल. माणसाचे वजन पेलतो तो गाभा. साल त्याला नुसती जपते. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

मी थोडा ताणला जातो, आणि तो माझा दोष नाही. पडणारा माणूस एकदम हिसका बसून थांबला तर त्याची हाडे मोडतील. म्हणून मी लांबतो आणि पडण्याचा जोर पोटात घेतो. माझ्याच रिळातला एक तुकडा कारखान्यात परीक्षेसाठी नेला होता. त्याला जड वजन बांधून ते पुन्हा पुन्हा खाली सोडले. हवे होते त्याहून कितीतरी जास्त हिसके त्याने सोसले, आणि मगच तो गेला. त्या भावाच्या जिवावर मला पास केले गेले. असा मी होतो. कच्चा माल नव्हतो.

मला विकत घेतले एका गिर्यारोहक बाईंनी. लोकांना डोंगरावर नेऊन सुखरूप परत आणणे हा त्यांचा व्यवसाय. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत तंबू, चुली, बर्फात रोवायच्या कुऱ्हाडी आणि दोर यांना ठरलेल्या जागा होत्या. तिथे उन्हाचा कवडसा येई, पण माझ्या खुंटीपर्यंत पोचत नसे. उन्हाने नायलॉन विरतो, म्हणून ताईंनी खुंटी मुद्दाम सावलीत ठोकली होती. रोज काम संपले की त्या हातमोजे काढून मला टोकापासून टोकापर्यंत बोटांतून सरकवत. कुठे गाठ, कुठे खरचट, कुठे पोकळ, सगळे त्यांच्या बोटांना कळे. मला फार बरे वाटे. एखाद्याने रोज आपली विचारपूस करावी तसे.

मग ती मोहीम आली. पृथ्वीच्या टोकाजवळ, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, नुसता डोक्याभोवती फिरत राहतो, तिथल्या एका डोंगरावर जायचे होते. बर्फावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने आम्हाला सोडले आणि ते निघून गेले. ताईंबरोबर दोघेच होते, एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण. बहीण इस्पितळात नर्स होती. भावाचा धंदा लिफ्ट बसवण्याचा. ती त्याला दादा म्हणे, म्हणून ताईही दादाच म्हणू लागल्या. घरून निघताना दादाने सगळ्या नातेवाइकांना सांगितले होते की हिला बहुतेक मलाच पाठीवर घ्यावे लागणार. प्रत्यक्षात बहीण चालायची वाऱ्यासारखी आणि दादा मागून भात्यासारखा धापा टाकत यायचा.

बर्फाच्या नदीवर ती तिघे एकत्र बांधून घेऊन चालत. पुढे ताई, मध्ये बहीण, शेवटी दादा, आणि तिघांच्या कमरेच्या पट्ट्यांना जोडणारा मी. त्या बर्फात खोल भेगा असतात आणि त्यांच्यावर ताज्या बर्फाचे झाकण असते. वरून काही कळत नाही. एखादा आत गेला तर बाकीच्यांनी त्याला तोलून धरायचे, ते माझ्या आधाराने. माझी काही लांबी ताईंच्या खांद्यावर वेटोळी घालून राखीव ठेवलेली असे.

बुटांखाली पोलादाचे दाते बांधलेले असतात. त्या दात्यांनी दोरावर पाय द्यायचा नाही, हा पहिला नियम. आणि ताईंनी त्याला एक गमतीचा कायदा जोडला होता: ज्याचा दोरावर पाय, त्याने सगळ्यांसाठी पाणी करायचे. तिकडे सगळीकडे बर्फच बर्फ, पण प्यायला थेंब नाही. चुलीपाशी वाकून भांड्यात बर्फ टाकत बसायचे. ढीगभर बर्फाचे चुळकाभर पाणी होते आणि तळाशी आधी थोडे पाणी नसेल तर भांडे करपते. कंटाळवाणे काम. लोकांना नियम हसत-खेळत लक्षात राहावा, एवढाच ताईंचा हेतू होता.

दादा पहिल्याच दिवशी सापडला आणि पुन्हा एकदा सापडला. दोन्ही वेळा बर्फ भुसभुशीत होता, मी खाली दबलो, मला काही झाले नाही. पण तंबूत हशा पिकला. बहिणीने त्याचे नाव पाणक्या ठेवले. लिफ्टच्या मालकाची बढती झाली म्हणाली, घरी गेल्यावर ऑफिसच्या पाटीवर लिहून घे. ताईही म्हणाल्या, पाणक्या, आज चहा जरा कडक होऊ द्या. दादा हसला. पण मी त्याच्या मांडीजवळच पडलो होतो. त्याचे कान लाल झाले होते आणि तो भांडे नको तितक्या जोरात ढवळत होता.

त्यानंतर आम्ही निळसर, काचेसारख्या कडक बर्फावर आलो. विश्रांतीसाठी थांबलो असताना दादा ताईंकडून काहीतरी मागायला पुढे आला. ताई दुर्बिणीतून डोंगर बघत होत्या. बहीण बुटाची नाडी आवळत होती. परत फिरताना दादाने टाच रोवली आणि गर्रकन वळला.

टाचेखाली मी होतो.

मऊ बर्फात मी दबतो, पण कडक बर्फावर मी फळीवरच्या कांद्यासारखा असतो. दाता सालीतून आत शिरला आणि गाभ्याचे पेड कापत गेला. सालीला भोक पडले ते मटाराएवढे. आत मात्र मोजकेच पेड शाबूत राहिले. दादाने खाली पाहिले. मग इकडेतिकडे पाहिले. हातमोज्याने ती जागा चोळली, विस्कटलेले धागे बसवले आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

मित्रांनो, इथपर्यंत मी रागावलो नव्हतो. चालणाऱ्याचा पाय कुठेतरी पडतोच.

त्या संध्याकाळी ताईंनी मला तपासायला घेतले, तेव्हा दादा म्हणाला, आज दोर मी बघतो. ताईंना बरे वाटले. लिफ्टवाल्याला दोर काय नवा, असे म्हणून त्यांनी मला त्याच्या हाती दिले आणि त्या तंबूच्या मेखा बघायला गेल्या. याचा रागही मी अजून विसरलो नाही. ज्या बोटांवर माझा भरवसा होता, त्यांनीच मला सोपवून टाकले.

दादाची बोटे सरकत आली आणि त्या जागेवर थांबली. तिथे मी पडलेल्या दाताच्या हिरडीसारखा पोकळ लागत होतो. त्याने मला तिथे वाकवून पाहिले. धडधाकट दोर गोल वाकतो. मी कागदासारखा दुमडलो. त्याला कळले नाही असे कोणी म्हणू नये. ज्याच्या कामगारांनी लिफ्टच्या तारेचा एक पेड तुटलेला दिसला तरी लिफ्ट बंद करायची असते, त्या माणसाला कळले नाही?

त्याची बोटे पुढे सरकली. "ठीक आहे सगळं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ताई एका झाकलेल्या भेगेवरून पलीकडे गेल्या. त्यांच्या मागून बहीण निघाली आणि मधोमध बर्फाचे झाकण तिच्यासकट खाली गेले. पलीकडे ताई पालथ्या पडल्या आणि त्यांनी कुऱ्हाड रोवली. अलीकडे दादा घसरत गेला आणि टाचा रोवून थांबला. मध्ये निळ्या काळोखात ती लोंबकळत राहिली, तोंड बर्फाच्या भिंतीकडे. तिचे निम्मे वजन दादाच्या बाजूला होते आणि निम्मे ताईंच्या. माझी जखम ताईंच्या बाजूला, बहिणीच्या टोपीच्या जरा वर. तिला ती दिसत नव्हती. माझे उरलेले पेड एकेक करून सुटत होते. मी ओरडत होतो, पण दोराचे ओरडणे म्हणजे नुसती कुरकुर.

ताईंनी पटापट बर्फात खुंटा गाडला आणि मला त्याला बांधले. मग त्या शांत आवाजात पलीकडून बोलल्या.

"दादा, मी इकडून तिला वर घेते. तुम्ही हळूहळू पुढे सरका, तुमची बाजू सैल होऊ द्या."

दादा हलला नाही. त्याची बाजू सैल झाली की सगळे वजन माझ्या जखमेवर येणार, हे त्या बर्फावर दोघांनाच माहीत होते. त्याला आणि मला.

"दादा, सरका. घाबरू नका, मी धरलंय."

"नको," तो म्हणाला. "तुमच्या बाजूने नको."

"का?"

"काल माझा पाय पडला दोरावर. आतून तुटलाय तो."

ताईंनी विचारले, "तपासताना कळलं होतं?"

दादाने टाचा आणखी घट्ट रोवल्या. खाली लोंबकळणारी ती हे सगळे ऐकत होती.

"बोटभरसुद्धा पुढे येऊ नका," ताई म्हणाल्या. त्यांनी खांद्यावरची माझी राखीव वेटोळी सोडून खुंट्याला बांधली आणि धडधाकट टोकाला कडी लावून ते भेगेत सोडले. बहिणीची बोटे गारठली होती. कडी दोनदा निसटली, मग पट्ट्यात बसली. "लागली," ती म्हणाली. तेव्हा कुठे ताईंनी दादाला पुढे सरकायला सांगितले.

वजन आधी माझ्या जखमेवर आले. मी तुटलो. ती जराशी खाली गेली आणि माझ्याच चांगल्या भागाने तिला झेलले. तो लांबला, तिचे वजन पोटात घेतले आणि थांबला. कारखान्यात मला जे शिकवले होते, ते मी विसरलो नव्हतो. ताईंनी कप्पी लावून तिला वर घेतले. पुढे लांबवर एक भक्कम जागा सापडली, तिथून दादालाही पलीकडे आणले. शिखर कोणी पाहिले नाही. आम्ही परत फिरलो. त्या संध्याकाळी बर्फ वितळवायला ताई स्वतः बसल्या आणि म्हणाल्या की आजपासून तो कायदा रद्द. यापुढे जो आपणहून सांगेल त्याला पहिला कप.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. माझे तुकडे बहिणीने आठवण म्हणून ठेवून घेतले होते, पण घरी आल्यावर दादाने मला तिच्याकडून मागून नेले. एका शाळेच्या सभागृहात त्याचे भाषण होते. पडद्यावर बर्फाची चित्रे, टेबलावर माझे दोन तुकडे. दादा रंगात आला होता. ऐन वेळी दोर तुटला, तो म्हणाला. जुना माल गळ्यात मारतात हो, आपण काय करणार. मुले श्वास रोखून ऐकत होती. शिक्षक माना डोलावत होते. मी टेबलावर पडून जळत होतो. जिला मी झेलले, ती तिथेच मागच्या रांगेत, इस्पितळाच्या गणवेशातच बसली होती.

ती उभी राहिली.

"दादा, नीट सांग."

"अगं, सांगतोय ना."

"आमच्या वॉर्डात औषध चुकलं तर आधी सांगायचं, रडायचं मागून. दोर जुना नव्हता. त्याच दोराने मला वर काढलंय. तो तुटला कसा, ते सांग."

दादाने माझा तुकडा उचलला आणि परत खाली ठेवला. मग तो माइकपासून जरा लांब होऊन म्हणाला की त्याचा पाय पडला होता, आणि ते त्याला आदल्या दिवसापासून माहीत होते.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सगळे हसले असते," दादा म्हणाला.

सभागृहात कोणीही हसले नाही. बहीण पुढे आली, तिने मला गुंडाळून पिशवीत ठेवले आणि भावाचा दंड धरून त्याला खुर्चीवर बसवले.

मित्रांनो, आता मी कोणाच्याच कामाचा नाही. माझा राग पाय पडल्याचा नाही. माझा राग त्या बोटांवर आहे, जी थांबली आणि पुढे सरकली. तुमच्या हातून काही मोडले, सांडले, कापले गेले, तर ते झाकून ठेवू नका. ते तसेच राहते आणि त्याच्यावर कोणीतरी आपला भार टाकते. आणि कोणी येऊन आपली चूक सांगितली, तर त्याला नावे ठेवून हसू नका. दादाने त्या संध्याकाळी तोंड उघडले असते तर काय झाले असते, सांगू? ताईंनी दुखरा भाग एका गाठीच्या फासात बाजूला काढला असता आणि सगळे वजन गाठीतून पुढे गेले असते. गिर्यारोहकांची ही नेहमीची गाठ आहे. दोर थोडा आखूड झाला असता, एवढेच.